आधी भरायचं, मग उपसायचं



ज्या सरांच्या नावानं हिंगोलीत आजचं हे व्याख्यान होतंय, त्यांना लांबलेलं प्रास्ताविक सहन होत नसे. वर्गातसुद्धा ते फळ्याकडे वळता वळताच विषयाला सुरुवात करत. तेव्हा मीही तसंच करतो.

दवाखान्यात येणाऱ्या माणसाच्या हातात हल्ली एक पिशवी असते. पिशवीत फाईल, फाईलमध्ये टू-डी इकोचा कागद. म्हातारा खुर्चीवर टेकायच्या आत बरोबरचा मुलगा सांगून मोकळा होतो, "साहेब, बाबांचं पंपिंग साठच टक्के राहिलंय." चाळीस टक्के हृदय गेलं या हिशेबानं घरात रडारड होऊन गेलेली असते, मुंबईचा पाहुणा फोनवर सल्ले देऊन थकलेला असतो. मग मी कागद बाजूला ठेवून गणित मांडतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात ठोका पडण्याआधी साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. ठोक्यासरशी त्यातलं ७० बाहेर पडतं, ५० आतच राहतं. सत्तर भागिले एकशेवीस, म्हणजे ५८ टक्के. हे धडधाकट माणसाचं गणित झालं. शंभर टक्के पंपिंग कुणाचंच नसतं, पहिलवानाचंही नसतं. बापलेक हसत हसत घरी जातात.

दुसऱ्या तऱ्हेचा रुग्ण मात्र हसत जात नाही. साठीची बाई, रक्तदाब जुना, कागदावर पंपिंग साठ टक्के, शेरा नॉर्मल. आणि बाई चार पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहते. रिपोर्ट चांगला असल्यामुळे घरचे तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. सून म्हणते, कामाचं नाव काढलं की दम लागतो. वास्तविक बाई खरं बोलत असते. तिचं हृदय उपसतंय चांगलं, पण ते नीट भरत नाही. आजचं व्याख्यान तिच्या बाजूचं आहे असं समजा.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातले ०.३ सेकंद आकुंचनाचे. उरलेले ०.५ सेकंद प्रसरणाचे, म्हणजे भरण्याचे. दिवसभराचा हिशेब केला तर चोवीस तासांतले नऊ तास हृदय उपसत असतं आणि पंधरा तास भरत असतं. आपण बोलतो ते सगळं त्या नऊ तासांबद्दल. नाडी म्हणजे उपसा, रक्तदाबाचा वरचा आकडा म्हणजे उपसा, रिपोर्टातलं पंपिंग म्हणजे उपसाच. पंधरा तासांची विचारपूस कुणी करत नाही.

इथे पन्नाशी-साठीच्या पुढचे बरेच लोक दिसतात, त्यांनी मोट पाहिलेली आहे. मुलांसाठी सांगतो. चामड्याची मोठी मोट नाड्याला बांधून विहिरीत सोडायची. बैल धावेवरून उलट पावली मागे येत, तशी मोट खाली जाई. पाण्याला टेकल्यावर ती लगेच भरत नसे. मोटकरी नाड्याला हिसका देऊन तिला बुडी मारायला लावी, क्षणभर थांबे, आणि नाडा ताठ होऊन जड लागला की मगच बैलांना हाक देई. बैल धावेनं उतरत, मोट वर येई, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. नवशिका पोरगा असला तर त्याला धीर नसे. मोट बुडायच्या आतच तो बैल हाकी. बैलांनी जोर तेवढाच लावलेला, फेऱ्याही जास्त झालेल्या, पण मोट दर वेळी अर्धी. पाटाला पाणी कमीच. नाडी फार वाढते तेव्हा हृदयाचं हेच होतं. ठोके मिनिटाला ७५ वरून २०० च्या पुढे गेले, तर आकुंचनाचा वेळ ०.३ वरून ०.२ च्या खाली येतो. भरण्याचा वेळ ०.५ वरून जेमतेम ०.१ सेकंदावर येतो. घाईत कात्री लागते ती भरण्याला.

आता हे भरणं जवळून पाहू. आमच्या वेळी पुस्तकात कर्णिका आणि जवनिका होत्या, मुलांच्या पुस्तकात आता अलिंद आणि निलय आहेत. वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या बाजूला शरीरातून आलेलं रक्त, ते फुप्फुसांकडे जातं. डाव्या बाजूला फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं, ते महाधमनीवाटे सगळ्या अंगाला जातं. मी डाव्या बाजूबद्दल बोलतो, कारण दुखणी बहुधा तिथलीच.

उपसा संपला, महाधमनीची झडप बंद झाली. स्टेथोस्कोपमध्ये आपण 'लब-डब' ऐकतो त्यातला हा 'डब'. या क्षणी डाव्या निलयाच्या दोन्ही झडपा बंद असतात. आत ५० मिलिलिटर रक्त, आणि बाहेर कुठेही वाट नाही. स्नायू सैल पडू लागतो आणि आतला दाब एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पाऱ्याच्या १०० मिलिमीटरवरून १० च्याही खाली कोसळतो. वरच्या अलिंदात रक्त ताटकळलेलंच असतं. निलयातला दाब अलिंदातल्या दाबाखाली गेला की मधली मायट्रल झडप उघडते आणि रक्त आत मुसंडी मारतं. जे काही भरायचं त्यातला मोठा वाटा या पहिल्या मुसंडीतच भरतो. मग थोडी सुस्ती, थेंबथेंब आवक. आणि अगदी शेवटी अलिंद स्वतः आकसून उरलेलं रक्त खाली ढकलतं, साधारण पाचवा हिस्सा. मायट्रल झडप बंद होते, तो 'लब'. पुन्हा दोन्ही झडपा बंद, यावेळी निलय आवळायला लागलेलं. सेकंदाच्या विसाव्या भागात आतला दाब ८० च्या वर चढतो, महाधमनीची झडप उघडते आणि ७० मिलिलिटर रक्त बाहेर.

हा जो सैल पडण्याचा भाग आहे, त्याबद्दल माणसानं दीड हजार वर्षं एक समजलं, मग तीनशे वर्षं त्याच्या उलट समजलं. रोममध्ये नाव कमावलेल्या गॅलेनच्या परंपरेत हृदयाचं खरं काम फुगण्याचं मानलं जाई. ते फुगतं आणि रक्त ओढून घेतं. विल्यम हार्वे यानं १६२८ साली आपलं छोटं लॅटिन पुस्तक छापलं आणि हे उलटं केलं. जिवंत जनावराचं हृदय इतक्या वेगानं हलतं की काय आधी आणि काय नंतर हे त्याला सुरुवातीला कळेना. मग त्यानं बेडूक, साप, मासे यांची सावकाश चालणारी हृदयं पाहिली, मरायला टेकलेल्या जनावरांची पाहिली, तेव्हा उमगलं की हृदय आवळतं तेव्हा काम करतं. रक्त शरीरभर फिरून परत येतं हेही त्यातूनच सिद्ध झालं. हार्वेचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की सैल पडणं म्हणजे काहीच न करणं, अशी समजूत डॉक्टरांच्या डोक्यात घट्ट बसली.

तसं ते नाही. स्नायू आवळतो तो पेशीत कॅल्शियम मोकळं झाल्यामुळे. सैल पडायचं तर ते कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि ते आपण होऊन परत जात नाही. पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. शिवाय हृदयाचे तंतू सरळ नसतात, नागमोडी वळसे घेत जातात. त्यामुळे निलय आवळताना पीळही खातं, आणि तो पीळ सुटताना आतला दाब इतक्या झटक्यानं उतरतो की वरचं रक्त अक्षरशः ओढलं जातं. म्हणजे गॅलेनचं सगळंच चुकलेलं नव्हतं! हृदयाला रक्ताचा तुटवडा पडला तर पहिली तक्रार येते ती सैल पडण्यात. आवळण्याची ताकद त्यानंतर कमी होते. आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या, ज्यांच्यात ब्लॉकेज निघतात त्या, डाव्या निलयाला रक्त पुरवतात तेही मुख्यतः भरण्याच्या वेळातच. आवळलेल्या स्नायूत त्या स्वतःच दाबल्या जातात.

ठोक्याचा हुकूम देणारी गाठ उजव्या अलिंदाच्या वरच्या टोकाला असते. कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ साली ती शोधली. त्याच्या आदल्या वर्षी सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरानं अलिंद आणि निलय यांच्या मधली दुसरी गाठ दाखवली होती. मला या दुसऱ्या गाठीचं जास्त कौतुक. वरून आलेला हुकूम ती लगेच खाली सोडत नाही, सेकंदाचा दहावा भाग अडवून धरते. कशासाठी? अलिंदाला आपला शेवटचा पाचवा हिस्सा खाली ओतता यावा म्हणून. भरणं पुरं होईपर्यंत उपसा थांबवण्याची सोय शरीरानं तारेतच करून ठेवली आहे.

या तारा विस्कटल्या तर काय होतं, यावरून एक मोठा वाद आपल्याच राज्यात झाला होता. आपल्या म्हणजे निजामाच्या. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या अमलाखाली होता. तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी क्लोरोफॉर्मचे कट्टर समर्थक. क्लोरोफॉर्म देताना माणूस दगावतो तो आधी श्वास बंद पडून की आधी हृदय बंद पडून, असा प्रश्न होता. १८८८ मध्ये पहिलं कमिशन बसलं. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला त्याचा निष्कर्ष पटेना, तेव्हा निजामानं एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर हैदराबादला येऊन बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निकाल लागला की श्वास आधी बंद पडतो. डॉक्टरनं श्वासावर लक्ष ठेवावं, नाडीची काळजी करू नये. लॉरी खूश. पण १९११ साली लेव्ही यानं दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली एकाएकी निलयाचे तंतू सुटे सुटे थरथरायला लागतात. अशा थरथरीत हृदय भरतही नाही आणि उपसतही नाही, काही मिनिटांत माणूस जातो. हैदराबादची मेहनत प्रामाणिक होती, पैसा निजामाचा होता, आणि निष्कर्ष घातक होता. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावं. परीक्षेला येणार नाही, तरी वाचावं.

आता एक हिशेब. उजवी बाजू फुप्फुसांकडे जेवढं रक्त सोडते तेवढंच डाव्या बाजूनं पुढे सोडलं पाहिजे. समजा डावी बाजू दर ठोक्याला एकच मिलिलिटर मागे पडली. मिनिटाला ७५ मिलिलिटर, तासाला ४ लिटरच्या वर. म्हणजे तासाभरात अंगातलं बहुतेक सगळं रक्त फुप्फुसांत जमा! असं होत नाही, कारण स्नायूचा एक गुण आहे. निलय जेवढं जास्त भरतं, तंतू जेवढे ताणले जातात, तेवढा पुढचा ठोका जोराचा पडतो. जास्त आलं की जास्त सोडतं. वरून कुणी सांगावं लागत नाही. जर्मनीत ओटो फ्रांक यानं १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर याचा माग काढला. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यानं कुत्र्याच्या हृदयावर तो पक्का केला आणि १९१५ साली केंब्रिजला एका व्याख्यानात मांडला. तेही आजच्यासारखं कुणाच्या तरी नावाचं व्याख्यान होतं, लिनेकरच्या. छापून यायला १९१८ उजाडलं. संयोजकांनी मनावर घ्यावं.

तात्पर्य इतकंच, की हृदय देतं किती हे त्याच्या मर्जीवर कमी आणि त्याच्याकडे येतं किती यावर जास्त ठरतं. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, वसमतकडे हळद शिजवायच्या दिवसांत एक चक्कर मारली तरी पुरे. मार्च-एप्रिलचं ऊन, शेजारी वाफेचा कुकर, पहाटेपासून कामाला लागलेला गडी. घामावाटे दोन-तीन लिटर पाणी गेलेलं, वर चहाशिवाय काही नाही. नाडी १२० च्या वर, आणि टोपली उचलून उभा राहिला की डोळ्यांपुढं अंधारी. त्याच्या हृदयाला काही झालेलं नसतं. शिरांमधून परत येणारं रक्तच कमी, उभं राहिल्यावर त्यातलं आणखी पायात साचलं. मग हृदय भरणार कुठून? सावलीत आडवा पाडून त्याचे पाय उचलून धरले की अडीच-तीनशे मिलिलिटर रक्त पायांतून हृदयाकडे येतं आणि गडी डोळे उघडतो. मग मीठ-साखरेचं पाणी. सलाईन लागलंच तर लावावं.

सलाईनचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आपल्याकडे "एक सलाईन लावा ना साहेब" ही मागणी बँडेजाइतकी साधी समजली जाते. हळदीवरच्या गड्याला तीच बाटली तारते. पण ज्याची अडचण रक्त कमी येण्याची नसून आलेलं रक्त पुढे न सरकण्याची आहे, त्याला ती बाटली बुडवते. दोघांनाही दम असतो, दोघांचीही नाडी धावत असते, दोघांनाही घाम. बाटली लावण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

यावरून विंचवाकडे येतो. तांबडा विंचू आपल्याकडच्या शेतात, दगडांच्या बांधात, कडब्याच्या गंजीत सगळीकडे असतो. कोकणात त्याच्या दंशानं लहान मुलं आणि तरणीताठी माणसं पटापट मरत. ही गोष्ट सुटली ती मराठवाड्याच्या माणसामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. विंचू चावलेला रुग्ण आला की नेमून दिलेली इंजेक्शनं द्यायची, आणि तो खोकताना तोंडातून गुलाबी फेस येऊन गेला की कागद भरायचे, अशी तेव्हाची रीत. बावस्कर खाटेशेजारी बसून राहिले. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, अंगाचं तापमान वहीत लिहीत राहिले. त्यांना दिसलं, की मरणारा माणूस सुरुवातीला वेदनेनं कमी आणि घामानं जास्त हैराण असतो. ओकाऱ्या होतात, हातपाय थंडगार पडतात, आणि रक्तदाब आधी चढतो. पुढे काही तासांनी फुप्फुसं भरतात. ही लक्षणं त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली.

आत काय घडत होतं? विंचवाचं विष नसांना खवळवतं आणि अंगातलं ॲड्रिनलिनसारखं द्रव्य एकदम मोकळं सुटतं. सगळीकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. डाव्या निलयाला आता कोंडलेल्या वाटेतून रक्त ढकलायचं असतं. ७० च्या जागी ४०, मग ३० मिलिलिटर बाहेर पडतं. उरलेलं आतच राहतं. निलय आधीच भरलेलं, तर वरून येणारं मावणार कुठे? भरतानाचा दाब १० वरून २०, २५, ३० वर चढतो. तो मागे अलिंदात, तिथून फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत. तिथला दाब २५ च्या पुढे गेला की रक्तातलं पाणी पाझरून हवेच्या जागेत उतरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बसून बुडतो. अशा वेळी हृदयाला चाबूक मारणारं औषध देऊन काय होणार? अडसर पुढे होता. बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करण्याचा मार्ग धरला. आधी नायट्रोप्रुसाईडची धार. पण तिला क्षणाक्षणाला पहारा लागतो, तो खेड्यात कुठून आणायचा? मग प्राझोसिनची साधी गोळी. रक्तदाबाचं जुनंच औषध, स्वस्त, आरोग्य केंद्राच्या कपाटात मावणारं. वाहिन्या सैल झाल्या, निलय रिकामं होऊ लागलं, भरतानाचा दाब उतरला, फुप्फुसं कोरडी झाली. त्यांच्या नोंदींप्रमाणे मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरातून १ टक्क्यापर्यंत खाली आलं. पुढे विंचवावरचं प्रतिविषही आलं, त्याच्या जोडीनं प्राझोसिन दिल्यास माणूस लवकर सावरतो हे बावस्कर दांपत्यानंच २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवलं. पद्मश्री मिळायला २०२२ साल लागलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांनी हे शोधलेलं नाही, एका खाटेशेजारच्या वहीनं शोधलं. आपल्या हिंगोलीच्या महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं. तिथल्या मुलांना मी वहीचं एवढ्यासाठी सांगतो, की वही आजही घेता येते.

सुरुवातीच्या साठीच्या बाईचं राहिलंय. वीस-वीस वर्षं रक्तदाब चढा राहिला की निलयाची भिंत जाड होते. जाड स्नायू आवळतो झकास, म्हणून पंपिंग साठ टक्के. पण तो लवकर सैल पडत नाही आणि ताणलाही जात नाही. बसून असताना भागतं. जिना चढताना नाडी वाढते, भरण्याचा वेळ घटतो, ताठर कप्पा तेवढ्यात भरत नाही, दाब फुप्फुसांकडे मागे सरकतो आणि बाई कठडा धरते. मधुमेह, वजन, वय हे सगळे त्याला हातभार लावतात. इकोच्याच कागदावर खालच्या ओळींत भरण्याचे आकडे असतात; डॉक्टरांना ते विचारा. रक्तदाबाच्या उपचारात मुंबईचंही नाव आहे. डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. आता सर्पगंधेपेक्षा चांगल्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या खाल्ल्या जात नाहीत, ती गोष्ट वेगळी.

शेवटचा भाग मायट्रल झडपेचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हे दुखणं गरिबाच्या पोराला होतं. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा सुजतो. जंतू स्ट्रेप्टोकोकस. घरात माणसं दाटीवाटीनं झोपणारी, घसादुखीला डॉक्टर कोण करतो? दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा सुजतो. लोक म्हणतात वाढीचं दुखणं. सांधे बरे होतात, खूण ठेवत नाहीत. खूण राहते झडपेवर. जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज आपल्याच झडपेवर चालून जाते. पाच-दहा वर्षांत झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात. निरोगी मायट्रल झडपेची वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ती दीडवर, एकवर येते.

निलय ठणठणीत, पंपिंग उत्तम, पण भरण्याची वाटच अरुंद. अशा मुलीला घरकामात काही जाणवत नाही. लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, नाडीही वाढते. म्हणजे अरुंद वाटेतून जास्त रक्त, आणि तेही कमी वेळात. सातव्या महिन्यात ती रात्री उठून बसते, आडवं झालं की खोकला येतो. घरचे म्हणतात पोटामुळे. सलाईनबद्दल मी जे बोललो ते या मुलींना डोळ्यांपुढे ठेवून बोललो. त्यांना पहिलं औषध देतात ते नाडी सावकाश करणारं. हृदयाच्या रुग्णाचं हृदय मंद करायचं, हे नातेवाइकांना पटत नाही. पण ठोके १२० वरून ७० वर आणले की भरायला वेळ मिळतो आणि त्याच झडपेतून तेवढंच रक्त निवांत जातं.

झडप उघडण्याची गोष्टही मजेशीर आहे. लंडनमध्ये सौटर यानं १९२५ साली एका मुलीच्या धडधडत्या हृदयात अलिंदाच्या कानातून बोट घातलं आणि झडप सैल केली. मुलगी जगली. तरी त्याच्याकडे दुसरा रुग्ण कुणी पाठवला नाही! पुढे १९४८ पासून अमेरिकेत ही शस्त्रक्रिया रुळली, आणि पन्नासच्या दशकात मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती सुरू केली. १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे सेन ते हेच. बोटानं झडप उघडून त्या काळात असंख्य बायाबापडे घरी गेले. आता बहुतेकांना छातीही उघडावी लागत नाही. जपानचे कांजी इनोऊए यांनी ऐंशीच्या दशकात फुगा शोधला; मांडीच्या शिरेतून तो झडपेपर्यंत न्यायचा, फुगवायचा, चिकटलेल्या कडा सुटतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे होतं. शाळेत तपासणीला येणारी पथकं अशी मुलं शोधून काढतात. ज्या बाईंनी वा गुरुजींनी मुलाला त्या दिवशी शाळेत थांबवून ठेवलं, त्यांनी अर्धं काम केलं.

ही झडप ऐकायची कशी, हे विद्यार्थ्यांना सांगून ठेवतो. मुलाला डाव्या कुशीवर वळवा. स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू छातीवर हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवा, दाबू नका. 'लब-डब' मोजत बसू नका. 'डब'नंतर पुढच्या 'लब'पर्यंत जी जागा आहे तिथे कान द्या. निरोगी हृदयात तिथे काही ऐकू येत नाही. या मुलात तिथे खालच्या पट्टीतली घरघर असते, अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताची. गोंगाटात ती हरवते, म्हणून पंखा बंद करा आणि बाहेरची रांग दोन मिनिटं गप्प बसवा.

झडप बिघडण्याचं थांबवायला पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, दर एकवीस दिवसांनी, कमरेत. दुखतं फार. झडपेला इजा झालेली असेल तर ते निदान चाळिशीपर्यंत घ्यायचं, काहींना आयुष्यभर. कळमनुरीकडची एक मुलगी माझ्याकडे हे इंजेक्शन शाळेपासून नेमानं घेत होती. बाप मोटारसायकलवर आणायचा, कार्डावर तारखा स्वतः लिहायचा. लग्नानंतर ती दिसेनाशी झाली. दोन वर्षांनी सहावा महिना लागलेल्या अवस्थेत आली, धापा टाकत. इंजेक्शन का थांबवलं विचारलं तर सासू म्हणाली, आम्हाला माहीतच नव्हतं. मुलगी म्हणाली, कार्ड माहेरी राहिलं. राहिलं नव्हतं, ठेवलं होतं. हृदयाची पोरगी म्हणून स्थळ मोडेल, या भीतीनं बापानंच कपाटात ठेवलं होतं. ती वाचली. तिच्या झडपेला फुगा घातला, बाळंतपण नांदेडला झालं. आता नवऱ्याचा फोन येतो, तारीख चुकली तर एखादा दिवस पुढेमागे चालेल का म्हणून. एखादा दिवस चालतो. महिना चालत नाही. इथे आशाताई बसल्या आहेत, त्यांना विनंती आहे. गावात नवी सून आली की पहिल्या भेटीत तुम्ही बाकीचं विचारता, त्यात हेही विचारा, लहानपणी सांधे सुजले होते का, आणि दर तीन आठवड्यांनी कुठलं इंजेक्शन चालू होतं का. सासूसमोर विचारू नका. विहिरीवर, अंगणवाडीत, जिथे ती एकटी सापडेल तिथे विचारा.